गाऱ्हाणं घालावं तसं मागावं

२०१२ च्या सप्टेंबरात गोव्यातल्या खाणी बंद झाल्या आणि माझ्या नवऱ्याचा ट्रक अंगणात येऊन उभा राहिला. डिचोली तालुक्यातल्या आमच्या वाड्यावर तेव्हा असे अकरा ट्रक उभे होते. बँकेचा हप्ता मात्र दर महिन्याला यायचा तसा येत राहिला. मी तेहतीस वर्षांची होते आणि तोवर कुणाकडं काही मागितलं नव्हतं. शेजारच्या घरातून वाटीभर साखर आणायची तरी मुलीला पाठवायचे.

आज मी सोलं आणि आगळ, म्हणजे वाळवलेली कोकमं आणि कोकमाचा खारवलेला रस, करून विकते. या धंद्यातलं जवळजवळ सगळं मागून उभं राहिलंय. झाडं मागितली, बाटल्या उधारीवर मागितल्या, हॉटेलवाल्याची पंधरा मिनिटं मागितली. आमच्या बचत गटातल्या मुली विचारतात, "ताई, तुला लाज वाटत नाही?" वाटते. अजूनही घसा कोरडा पडतो. पण मागायचं कसं हे शिकता येतं. मी जसं शिकले तसं सांगते.

लाज कुठून आली ते आधी शोधा

आमच्याकडं मागण्याला फार जुना भार आहे. मुंडकार म्हणजे भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जमिनीत घर करून राहणारा. आमच्या घरातल्या कितीतरी पिढ्या मुंडकार म्हणूनच गेल्या. काही मागितलं की उपकार व्हायचा आणि उपकाराची फेड अंगमेहनतीनं करावी लागायची. १९७५ साली मुंडकारांना संरक्षण देणारा कायदा आला, मनाला येईल तेव्हा घरातून उठवणं बंद झालं. तरी माझी सासू शेवटपर्यंत भाटकाराच्या पायरीखाली चपला काढून उभी राहायची. मी सून म्हणून आले तेव्हा तिनं पहिल्याच महिन्यात बजावलं होतं, "तिथं तोंड उघडायचं नाही. देतील ते घ्यायचं."

तिचं चुकत नव्हतं. तिच्या काळात ते शहाणपणच होतं. पण कायदा बदलला, काळ बदलला, आणि मी मात्र तिच्या भीतीनं गप्प बसत होते. हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

म्हणून पहिलं काम कागदावर करा. "मागू नकोस" हे मला सर्वांत आधी कोणी सांगितलं, आणि तेव्हा त्या माणसाची परिस्थिती काय होती, एवढंच लिहा. तुमचं कारण वेगळं निघेल. कुणाला शाळेत सगळ्यांसमोर हटकलेलं असेल, कुणाच्या वडिलांना उसने मागायला गेल्यावर दारातून परत पाठवलेलं असेल. ते कारण आज लागू आहे का, हे लिहिल्यावर आपोआप दिसतं.

गाऱ्हाण्याकडून शिकण्यासारखं

गंमत बघा, ज्या गावात माणसाकडं मागायची चोरी होती त्याच गावात देवाकडं मात्र आम्ही भर सभेत, मोठ्यानं मागतो. जत्रेला, शिगम्याला, घरात कार्य निघालं की गाऱ्हाणं घातलं जातं. गावातला जाणता माणूस हात जोडून उभा राहतो. आधी देवाला नावानं हाक. मग समोर कोण उभं आहे ते, कुठल्या वाड्यावरचं, कुणाचं लेकरू. मग अडचण काय ती. मग काय हवं ते. आणि तिथं संपतं. जमलेले "व्हय म्हाराजा" म्हणतात.

लहानपणापासून ऐकत आले होते, पण त्यातली बांधणी एका जत्रेला पहिल्यांदा लक्षात आली. गाऱ्हाण्यात कुणी "तुला वेळ असेल तर, नाही तर राहू दे" म्हणत नाही. आडून आडून सुचवत नाही. "बरं चाललंय रे आमचं, तेवढा पाऊस जरा..." असं अर्धवट सोडत नाही. पाऊस हवा तर पाऊस म्हणतात.

भिरंडं, म्हणजे कोकमाची फळं, हवी असली की मी तोवर बोलायची ते असं: "यंदा भिरंडं फार पडलीत ना हो तुमच्याकडं?" समोरच्यानं "हो, फार" म्हटलं की मी घरी. मनात म्हणायची, त्याला समजायला नको का? त्याला काय समजणार? मी काही मागितलंच नव्हतं.

तर वाक्य लिहून काढा. हाक, मी कोण, अडचण, नेमकं मागणं. आकडा असेल तर आकडा, तारीख असेल तर तारीख. लिहून झालं की मोठ्यानं म्हणा. मी विहिरीवर म्हणायचे.

माझं पहिलं मोठं मागणं

आमच्या घरामागं भाटकाराचं कुळागर, म्हणजे बागायत, आहे. माड, पोफळी, मिरवेली, आणि ओहोळाच्या कडेला भिरंडाची सतरा झाडं. एप्रिल-मेमध्ये भिरंडं लालभडक पिकून खाली पडायची आणि तिथंच कुजायची. दहा वर्षं मी ते बघत होते.

२०१३ च्या मार्चमध्ये मी वाक्य लिहिलं. आठ दिवस ते म्हटलं. मग एका सकाळी दहा वाजता भाटकाराच्या घरी गेले. वेळ मुद्दाम निवडली होती. पेज झालेली असते, बाजाराची गडबड संपलेली असते, माणूस सोप्यावर बसलेला असतो. बोलणं अर्थात कोकणीत झालं, इथं मराठीत देते.

"बाब, मी मागच्या वाड्यावरची. आमचा ट्रक सहा महिने बंद आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या ओहोळाकाठची भिरंडं दरवर्षी कुजून जातात. यंदा ती सगळी मला वेचू द्या. वेचणं, फोडणं, वाळवणं माझं. दर दहा किलो सोलांमागं एक किलो तुमच्या घरी आणून देईन. तुमचं दुसरं काही ठरलेलं असेल तर नाही म्हणा, मी मनात काही ठेवणार नाही."

आणि गप्प बसले. हे सर्वांत कठीण होतं. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला. भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं. जिभेवर शब्द आले होते: "नसेल जमत तर राहू दे," "अर्धी झाडं दिली तरी चालेल." मी दात आवळून धरले. त्या एका मिनिटात माझी सासू, तिची सासू, सगळ्या माझ्या पाठीशी उभ्या आहेत असं मला वाटलं.

ते म्हणाले, "पायरीखाली का उभी आहेस? वर ये. वेचायला किती जणी येणार?"

त्या वर्षी आम्ही चौघी होतो. सालं मीठ घातलेल्या फळाच्या रसात बुडवायची, उन्हात घालायची, परत बुडवायची, परत वाळवायची, आणि हे सगळं पहिला पाऊस पडायच्या आत. बियासुद्धा टाकल्या नाहीत, त्यांचं मुठेल, म्हणजे घट्ट तेल, काढलं. भेगाळलेल्या टाचांना त्याच्यासारखं दुसरं काही नाही. भाटकाराच्या घरी तीन किलो सोलं पोचवली तेव्हा त्यांच्या बायकोनं डबा रिकामा परत दिला नाही, त्यात नारळ घातले. उपकार आणि राबणूक यांच्या पलीकडं एक सरळ व्यवहार असतो आणि तो सन्मानाचा असतो, हे मला त्या डब्यानं शिकवलं.

म्हणून सांगते, मागून झालं की थांबा. शांतता भरून काढू नका. समोरचा विचार करत असतो, आणि आपण घाईनं बोललो की त्याच्या वतीनं नकार आपणच देऊन बसतो.

लोक किती वेळा हो म्हणतात

माझी भाची मानसशास्त्र शिकते. तिला मी ही भिरंडांची गोष्ट सांगितली तेव्हा ती म्हणाली, यावर प्रयोग झालेत. २००८ साली फ्रान्सिस फ्लिन आणि व्हेनेसा लेक या संशोधकांनी न्यूयॉर्कमध्ये विद्यार्थ्यांना अनोळखी माणसांकडून प्रश्नावली भरून घ्यायला पाठवलं. जाण्याआधी विचारलं, पाच जणांनी भरून द्यावी म्हणून किती जणांना विचारावं लागेल? अंदाज आला साधारण वीस. प्रत्यक्षात दहाच्या आसपास पुरले. मागणारा स्वतःच्या अडचणीत इतका बुडालेला असतो की तोंडावर नाही म्हणणं समोरच्याला किती जड जातं, हे त्याला दिसत नाही.

तिनं सांगितलेली दुसरी गोष्ट मला जास्त उपयोगी पडली. एलन लँगर आणि सहकाऱ्यांनी १९७८ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग. झेरॉक्सच्या यंत्रापाशी उभ्या माणसाला विचारायचं, मला आधी जाऊ द्याल का? पानं पाचच असली तर नुसतं विचारल्यावर शंभरातले साठ हो म्हणाले, घाई आहे हे कारण जोडल्यावर चौऱ्याण्णव. "मला झेरॉक्स काढायच्या आहेत" असं अर्थहीन कारण दिलं तरी जवळजवळ तितकेच. पण पानं वीस झाली की पोकळ कारणाचा काही उपयोग झाला नाही. खरं कारण दिलं तेव्हाच आकडा चोविसावरून बेचाळिसावर गेला. लहान मागण्याला कसलंही कारण चालतं, मोठ्या मागण्याला खरं कारण लागतं. म्हणून मी भाटकाराला ट्रक सहा महिने बंद आहे हे सांगितलं ते बरं झालं. मला ते सांगायची लाज वाटत होती.

आणखी एक. शक्यतो समोर जाऊन मागा. व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या मागण्याला उत्तर न देणं फार सोपं असतं. बोन्स (म्हणजे वरच्या लेकच, लग्नानंतरचं नाव) आणि एका सहकाऱ्यानं २०१७ साली हेच तपासलं होतं, आणि प्रत्यक्ष विचारणं ईमेलपेक्षा चौतीसपट परिणामकारक ठरलं.

सराव बाजारात करा

थेट भाटकाराच्या घरी जाऊ नका. आधी अशा जागी मागा जिथं नकार मिळाला तरी काही बिघडत नाही. माझी सरावाची जागा म्हापशाचा शुक्रवारचा बाजार. पहिल्या शुक्रवारी मिरचीवालीला म्हटलं, "दोन मिरच्या फोडून वास घेऊ का?" दुसऱ्या शुक्रवारी पेरूवाल्याला, "ही टोपली संध्याकाळपर्यंत तुमच्या मागं ठेवाल?" त्याला मी अजिबात ओळखत नव्हते. ठेवली. बसमध्ये कंडक्टरला थांब्याच्या थोडं पुढं, आमच्या पायवाटेपाशी उतरवायला सांगितलं. तो नाही म्हणाला. मी थांब्यावर उतरून चालत गेले. काहीच झालं नाही, आणि ते "काहीच झालं नाही" मला हवं होतं.

एकदा मयडे गावाची केळी विकणाऱ्या एका म्हातारीकडून घेत होते. जाडजूड, लांब केळी. मी विचारलं, "मावशी, याचा एक मुनवा मला मिळेल का लावायला? पैसे देईन." तिनं माझ्याकडं बराच वेळ बघितलं. म्हणाली, "इतकी वर्षं बाजारात बसते, केळी सगळे मागतात, झाड कुणी मागितलं नाही." पुढच्या शुक्रवारी ओल्या गोणपाटात गुंडाळून दोन मुनवे आणले. पैसे घेतले नाहीत. त्यांच्या पिलांची पिलं आज आमच्या परसात आहेत.

आठवड्यातून एक, एवढं पुरे. रोज नको, नाहीतर तो खेळ होतो आणि समोरच्या माणसाचा वेळ आपण फुकट घालवतो.

नकार म्हणजे डावा कौल

आमच्या देवळात प्रसाद लावतात. भटजी देवाच्या अंगावर फुलांच्या ओल्या पाकळ्या चिकटवतात, प्रश्न सांगतात. उजवीकडची पडली की होकार, डावीकडची पडली की नाही. डावा कौल मिळाला म्हणून कुणी देवाशी भांडत नाही, आणि कुणी देऊळ सोडूनही जात नाही. म्हणतात, बरं, यंदा नको तर पुढच्या वर्षी करू का? नाहीतर दुसऱ्या तऱ्हेनं करू का? परत पाकळी लावतात.

किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात मी आगळाची बाटली घेऊन गेले. मागणं होतं, पाहुणे आल्यावर जे पेय देतात ते महिनाभर माझ्या आगळाचं करून बघा. खरेदी बघणाऱ्यानं उभ्या उभ्याच नकार दिला. मी म्हटलं, "बरं. पण साहेब, तुम्ही माझ्या जागी असता तर कुणाकडं गेला असता?" त्याला क्षणभर विचार करावा लागला. त्यानं दुसऱ्या एका, लहानशा हॉटेलाचं नाव दिलं. तिथं नारळाचा रस घालून सोलकढी करून दाखवली. महिन्याला बारा बाटल्यांपासून सुरुवात झाली. पहिला नकार अजून माझ्या मागण्यांच्या वहीत आहे, आणि त्याच ओळीत पुढं बाण काढून दुसऱ्याचं नाव.

नकारानंतर एवढा एकच प्रश्न विचारा. मग आभार मानून उठा. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा तेच मागणं म्हणजे धीटपणा नव्हे, तो जाच आहे.

कुठं मागू नये

ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्याकडं मागू नका. माझ्याकडं कामाला येणाऱ्या बायकांना मी "जरा जास्त वेळ थांबशील का?" असं विचारायची. त्या थांबायच्या. एकदा एकीचं तापलेलं मूल घरी होतं आणि ती तरीही थांबली, मला दुसऱ्या दिवशी कळलं. ते मला अजून लागून राहिलंय. आता जास्त वेळेचा दर आधी सांगते, आणि विचारते ते आदल्या दिवशी, म्हणजे घरी जाऊन विचार करता येतो. आपण जितके वरचढ, तितकी नकाराची वाट रुंद ठेवायची.

आणि जो तुमचा हक्क आहे तो विनंती म्हणून मागू नका. गोवा छोटं राज्य आहे, सगळ्यांची सगळ्यांशी ओळख, त्यामुळं साध्या दाखल्यासाठीसुद्धा कुणाच्या तरी दारात सकाळी उभं राहायची सवय पडलीय. माहितीच्या अधिकाराचा स्वतःचा कायदा गोव्यानं १९९७ सालीच केला होता, देशाचा २००५ ला आला. अर्ज लिहा, पोच घ्या, तीस दिवस मोजा. तिथं हात जोडायचे नसतात.

आपले थकलेले पैसेही यातच आले. शहरातल्या एका दुकानदारानं माझे ८,४०० रुपये पाच महिने ठेवले होते. मी दर वेळी "जमलं तर बघा" म्हणायची. शेवटी बिल समोर ठेवून म्हटलं, "भाऊ, हे ८,४०० रुपये. आज अर्धे आणि पंधरा तारखेला अर्धे द्या." त्यानं गल्ला उघडला.

घरातलं मागणं

हे मी सगळ्यांत शेवटी शिकले. भाटकारापुढं बोलता आलं, नवऱ्यापुढं आलं नाही. हंगामात पहाटे चारपासून मी भिरंडांत असायची आणि रात्री परत चुलीपाशी. त्याला दिसत नाही का, असं मनात धुमसत राहायचं. एका मेमध्ये मी रात्री अंगणात बसून त्याला तसंच सांगितलं, गाऱ्हाण्यासारखं. नाव घेऊन हाक मारली, जी मी एरवी मारत नाही. "एप्रिल आणि मे, दोन महिने, रात्रीचं जेवण तू करशील का? मला आल्या आल्या जेवायचं आहे, करायचं नाही." तो बराच वेळ ट्रककडं बघत बसला. मग म्हणाला, "हुमण शिकव," म्हणजे माशाची आमटी. त्याच्या हातचं हुमण आता माझ्यापेक्षा चांगलं होतं.

घरात मागताना एक जपा. मागच्या वर्षांचा हिशेब त्या वाक्यात आणू नका. "तू कधीच..." म्हटलं की ते मागणं राहत नाही, भांडण होतं.

माझ्या वहीत प्रत्येक मागण्याची एक ओळ असते: तारीख, कुणाकडं, काय, उत्तर. ताज्या ओळीत उत्तराची जागा मोकळी आहे. म्हातारे भाटकार गेले. कुळागर आता मुलाकडं आहे, तो ओहोळाकाठची झाडं काढून तिथं पाहुण्यांसाठी खोल्या बांधायचं म्हणतोय. जमीन त्याची आहे, त्याला तो हक्क आहे. येत्या रविवारी दहा वाजता मी जाणार आहे. वाक्य विहिरीवर म्हणून झालंय: "बाब, मी मागच्या वाड्यावरची. तुमच्या वडिलांनी मला ही सतरा झाडं वेचायला दिली, त्यावर आज सात घरं चालतात. ती पाच वर्षं तोडू नका. वर्षाचं भाडं आम्ही सातजणी मिळून देऊ, आकडा तुम्ही सांगा. खोल्या ओहोळाच्या पलीकडं बसतात का, हे तुमच्याबरोबर फिरून बघायला मी तयार आहे. आणि नाही म्हणायचं असेल तर नाही म्हणा."